किल्ली आण्णांच्या करगोट्याला

...आन् मला आधी एक सांगा, हे फिनलंड कुटं आलं? तुमाला म्हाईत हाय? मला न्हाय बाई. मी सातवी शिकलेली, वळसंगच्या शाळंत, आन् आमच्या शाळंचा नकाशा जितं घडीवर फाटला व्हता ना, फिनलंड तितंच असणार! पण आमच्या आरोहीच्या शाळंचे हेडमास्तर, बिभीषण सर, ते फिनलंडचं असं बोलतात, असं बोलतात, जसं काय सकाळच्या यष्टीनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत आलेत! पालकसभा व्हती वो. मी कामावर खाडा टाकून गेले. टावेलाच्या कारखान्यात शिलाईला हाय मी, अक्कलकोट रोडला, दिवसभर टावेलाच्या कडा मारायच्या. म्हटलं, जाऊ, पोरीच्या अभ्यासाचं कायतरी सांगतील. आन् सर काय सांगतात? "पालकहो! फिनलंडमध्ये..." झालं! आमी सगळे फिनलंडात! तितनं उठवलं ते एस्टोनियात नेलं, तितनं जपानला, तितनं इंग्लंडात... अख्खी दुनिया हिंडवली, पण घोटभर पाणी विचारलं न्हाय कुणी.

"पालकहो, आपल्याला तुलनात्मक अभ्यास करायचा आहे. इंग्लंडमध्ये पाच वर्षांचं मूल संगणकाला आज्ञा देतं, आज्ञा! जपानमध्ये प्राथमिक शाळेतच प्रोग्रॅमिंग! एस्टोनिया, एवढासा देश, आणि संगणकात कुठल्या कुठं! आणि आपण? आपण कुठं आहोत?" असं म्हणून सरांनी चष्मा काढला आन् आमच्याकडंच बघितलं. जसं काय आमीच अडवून धरलंय! जसं काय माझ्याच पदराखाली कंप्युटर लपवून ठेवलाय!

मला राहवलं न्हाय. उठले मी.

"सर, एक विचारू का?"

"विचारा ना ताई! संकोच नको. पालकांचा सहभाग हाच तर..."

"सर, त्या फिनलंडात कंप्युटरच्या खोलीची किल्ली कुणाकडं असती वो?"

सरांनी चष्मा घातला, परत काढला, परत घातला. म्हणाले, "उत्तम प्रश्न आहे. चहा घेऊ या."

तुमी म्हणाल, मधीच किल्लीचं काय काढलं हिनं? सांगते की. अवो, आमच्या शाळंत कंप्युटर हायेत! न्हायत असं न्हाय! खोलीभर हायेत, कुणा दानशूर माणसानं दिलेत, दारावर त्याचं नाव संगमरवरात कोरलंय. पण दार लोखंडाचं, दाराला कुलूप, आन् कुलपाची किल्ली कुटं? तर संस्थेचे सेक्रेटरी हायेत, गुरुबसप्पा आण्णा, त्यांच्या करगोट्याला! हसू नका! खरंच कमरंच्या करगोट्याला बांधलेली किल्ली, वरनं धोतर, धोतरावर शर्ट, शर्टावर जाकीट. आता तुमीच सांगा, बाईमाणसानं ती किल्ली मागायची कशी? शाळंत नुसतं "कंप्युटर" म्हटलं तरी सगळे मास्तर आण्णांच्या पोटाकडं बघतात.

आन् पोरांनी नुसतं खिडकीला नाक लावलं, तर शिपाई चनबसप्पा हातात फडकं घिऊन पळत येतो. "ए! येन माडतीर रे! काय करताय! हात लावायचा न्हाय, खराब हुतंय!" मी एकदा तितंच व्हते, डबा द्यायला गेलेली. म्हटलं, चनबसप्पामामा, कंप्युटर आत, पोरं भाईर, मधी भिंत, मधी काच, खराब कसं हुईल वो? तर म्हणतो कसा, "तसं न्हवं बाई, काचंला वाफ लागती, वाफ आत जाती, आत गेली की मशीनला सर्दी हुती." सर्दी! माझी पोरगी डिसेंबरात पत्र्याखाली झोपती, तिच्या सर्दीचं कुणाला काय न्हाय, आन् कंप्युटरला सर्दी! हात लावायचा न्हाय, खराब हुतंय!

वर्षातनं एकदा उघडती ती खोली. खंडेनवमीला. चपला भाईर, पाय धुऊन आत, कंप्युटरला हळद-कुंकू, झेंडूचा हार, म्होरं उदबत्ती, आन् पोरं रांगंनं दर्शन घिऊन चिरमुऱ्याचा प्रसाद खात दुसऱ्या दारानं भाईर! एका वर्षी तर आण्णांनी कीबोर्डावर अक्षता टाकल्या, त्या अजून आतच हायेत म्हणतात, एका बटणाखाली तांदूळ हाय. आता पूजेला माझं न्हाय काय म्हणणं. मीबी माझ्या शिलाई मशीनला पूजते खंडेनवमीला, हार घालते, नारळ फोडते, पाया पडते. पण दुसऱ्या दिशी सकाळी काय करते? त्याच मशीनवर बसते की! न्हाय बसले तर चूल पेटंल का? ह्यांची पूजा अशी, की देवाला आत कोंडलं आन् भगत गेले प्रसाद खायला!

मंग शिकवतात कसं, म्हणाल. तोंडपाठ! "संगणक हे एक इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे." धा-धा येळा लिहायचं. परीक्षेला काय, तर माऊसचं चित्र काढा आन् रंगवा. आमच्या आरोहीनं गुलाबी रंगवला, तिला पैकीच्या पैकी! आन् पाढ्याच्या चालीवर, ऐका, अशी चाल हाय, "कंट्रोल सी कॉ-पी, कंट्रोल व्ही पे-स्ट, कंट्रोल एस से-व्ह..." भांडी घासता घासता म्हणती पोरगी. माझ्या सासूबाई, कस्तुराबाई, त्यांना वाटलं आरती हाय. टाळ्या वाजवत बसल्या.

पण एक दिवस काय झालं... मी कणीक तिंबत व्हते. आरोही आली, जवळ बसली, आन् हळूच म्हणली, "आई, कंप्युटरचं बटण दाबलं की आतच ऱ्हातं, का परत वर येतं गं?"

काय सांगू मी? मला तरी कुटं म्हाईत! मोबाइलला काच असती, बटण कुटं असतंय. सातवीतली पोरगी, सगळं पाठ झालेलं, पैकीच्या पैकी घेतलेले, आन् तिला हे म्हाईत न्हाय की बटण वर येतं का न्हाय. मला धास्तीच बसली वो. का, सांगते. ही शाळा सातवीपर्यंतच. जूनला पोरगी हायस्कूलला जाणार, तितं धा शाळंची पोरं येणार, तितले मास्तर म्हणणार, हां, लावा कंप्युटर, आन् ही बसणार चित्र रंगवत. पोरं हसतील. आन् पोरगी एकदा हसू झाली की घरी काय बोलणं सुरू हुतंय, ते मला विचारा. माझीबी गाडी सातवीलाच थांबली. आठवीची शाळा लांब व्हती, पहिल्याच महिन्यात मी एका गणितावर रडत घरी आले, आन् आमचे बाबा म्हणाले, "असू दे, बास झालं, शिवणकाम शिक." बास झालं! हे दोन शब्द लई भ्या दाखवतात मला. आरोहीला कुणी ते म्हणू नये, म्हणून रातंदिस जीव टांगणीला. एवढंच माझं मागणं व्हतं बगा, ह्या शाळंतनं भाईर पडायच्या आत पोरीचं बोट एकदा खऱ्या कंप्युटरच्या बटणाला लागू दे. फिनलंड नको मला. एक बटण द्या!

त्यात आमची जाऊबाई. तिचा फ्लॅट जुळे सोलापूरला. तिची अंकिता इंग्लिश मीडियमला. तिच्या शाळंत रोबो! रोज स्टेटसला रोबो! "अवर अंकिता मेड रोबो." मी बघितलाय तो रोबो. बारका गाडा हाय, सरळ जातो, भिंतीला धडकतो, आन् तितंच चाकं फिरवत ऱ्हातो. अवो, आमच्या वळसंगचं म्हसरूसुदिक भिंत दिसली की वळतंय! पण सासूबाईंना कोण सांगणार? "बग, तुज्या जावंच्या पोरीनं गाडी केली, तुजी काय करती? आरती म्हनती." तुलना! फिनलंडची तुलना सरांनी आता सुरू केली, आमच्या घरात ती माझ्या हळदीपासनं चालू हाय.

मंग मी काय केलं? एक कट पडलेला, ईकायला न चालणारा टावेल आणला कारखान्यातनं, पुस्तकाच्या मागच्या पानावर कीबोर्डाचं चित्र हाय ते म्होरं ठिवलं, आन् शिवला कीबोर्ड! निळ्या दोऱ्यानं अक्षरं. आन् ती अक्षरं कुणी लावलीत वो तशी? ए पासनं सुरू करायचं सोडून क्यू पासनं! माझ्या ट्रंकंतली कापडंसुदिक त्यापेक्षा नीट असतात. पण म्हटलं, जसं हाय तसं. प्रत्येक बटणाखाली थोडा कापूस घातला, म्हंजे दाबलं की दबतं आन् सोडलं की वर येतं. म्हटलं, घे बाई, वर येतं. माऊसबी केला, ब्लाऊजपीसच्या तुकड्याचा, आत भुस्सा, आन् शेपटीला परकराची नाडी. उरलेली व्हती.

पोरीला कोण आनंद! तिनं गल्लीतल्या पोरी गोळा केल्या. एक पोरगी टावेलावर बोटं मारणार, दुसरी पोरगी कंप्युटर! तिच्या हातात पाटी. जे बटण दाबलं तेवढंच तिनं लिहायचं, आपल्या मनानं काय करायचं न्हाय. हुकूम चुकला तर तीबी चुकणार. न्हाय दाबलं तर नुसती बसून ऱ्हाणार, समोर आग लागली तरी. मी आरोहीला म्हटलं, हा तर तुझा बाप झाला! आमचे हे, अमृत नाव हाय त्यांचं, रिक्षा चालवतात, पण घरात आले की तसंच. एंटर दाबल्याबिगर ताट उचलणार न्हायत.

आता पोरगीच ती, तो टावेल शाळंत घिऊन गेली. सरांनी बघितलं. दोन बोटांत चिमटीत धरलं, असं, मेलेली पाल धरल्यावानी. "आरोही, हे काय फडकं? संगणक हे शास्त्र आहे, शास्त्र! शास्त्राची चेष्टा? उद्या कोणी पाहिलं तर शाळेचं नाव खराब होईल!" घ्या! फडक्यानंबी खराब हुतंय!

असं चाललं व्हतं, आन् एक दिवस सर घामाघूम हून सांगायला लागले, परदेशी पाव्हणे येणार! देशोदेशीच्या शाळंत कंप्युटर कसा शिकवतात ते बघत फिरणारी एक बाई हाय, तुलना करायला! त्या दिवशी खोली उघडणार, पोरं कंप्युटरवर बसणार. आरोही पळत घरी आली. दारातनंच ओरडली, "आई, बटण!" एवढंच. मी शिलाई सोडून उठले, आमी दोघी नाचलो खोलीत, सासूबाई म्हणाल्या, येड लागलंय मायलेकींस्नी.

दुसऱ्या दिशी बातमी काय? कंप्युटरवर संस्थेच्या कमिटीतल्या लोकांची पोरं बसणार. आन् पोरी? पोरी स्वागताला! नऊवारी नेसून, हातात आरतीचं ताट! गेले मी तशीच, दोऱ्याची गुंडी हातात, सरांच्या खोलीत.

"सर, आमची आरोही कंप्युटरवर का न्हाय?"

"ताई, आरोहीची उंची छान आहे. ती स्वागताला शोभून दिसते."

"मंग कंप्युटरपुढं बसल्यावर उंची कुटं जाती वो? तितं पाय कापून बसवतात का?"

"ताई, तसं नाही. फिनलंडमध्ये..."

"फिनलंडात पोरी आरती घिऊन उभ्या ऱ्हातात का, तेवढं सांगा."

सरांनी फिनलंड सोडलं आन् म्हणाले, कंप्युटरवरची झाकणं जुनी झालीत, पाव्हण्यांपुढं बरी दिसत न्हायत, नवी शिवून दिली तर बघू. बघू! म्हंजे कंप्युटर उघडायला मी झाकणं शिवायची! पण शिवली की वो. सोलापुरी टावेलाची, किनारीला कमळ, सगळी नवीकोरी. आन् आरोहीचं नाव लागलं, खिडकीजवळच्या कंप्युटरला. आठवडाभर पोरीनं नखं कापून ठिवली. हात सारखे साबणानं धुती. "आई, माझ्या हातानं खराब हुणार न्हाय ना गं?" बघितलं? शिकवलं काय ते हेच शिकवलं शाळंनं!

उजाडला तो दिवस. पाव्हणे यायचे व्हते बुधवारी, ते आले गुरवारी. आन् गुरवार म्हटल्यावर तुमी सोलापूरचे असाल तर तुमच्या छातीत आत्ताच धस्स झालं असंल! गुरवारी आण्णा कुटं असतात? अक्कलकोटला! स्वामींच्या दर्शनाला! वारा असो, पाऊस असो, घरात लगीन असो. आन् आण्णा अक्कलकोटला म्हंजे करगोटा अक्कलकोटला, आन् करगोटा अक्कलकोटला म्हंजे...

व्हय. किल्लीबी दर्शनाला गेली!

सगळी शाळा सजलेली, मीबी खाडा टाकून हजर. रांगोळी, तोरणं, ताशा. गाडी आली, गोरी बाई उतरली. लांबलचक, सुती पंजाबी ड्रेस घातलेली, ओढणी उलटी, पण चेहऱ्यानं गोड. तिच्यासंगं पुण्याचा एक साहेब, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, तिचं इंग्रजी आमाला मराठीत सांगायला. ओवाळलं, नारळ दिला, आन् सगळा जथा निघाला कंप्युटरच्या खोलीकडं. कुलूप! सर फोन लावतायत. आण्णांचा फोन वाजतोय, वाजतोय, रांगंत कुटला उचलणार? उचलला एकदा, नुसता "स्वामी समर्थ!" असा गजर ऐकू आला आन् बंद. सरांचा चेहरा असा झाला, भिजलेल्या टावेलावानी.

चनबसप्पा पहार घिऊन आला. "तोडू का सर?"

"अरे नको! कुलूप खराब होईल!"

आता मात्र मला हसू आवरंना. कुलूपबी खराब हुतंय! मशीन जाऊ द्या, कुलपालाबी हात लावायचा न्हाय! सर बाईंना म्हणतायत, "मॅडम, फ्यू मिनिट्स, फ्यू मिनिट्स," बाई काचंतनं आत बघतीया, आत काय दिसतंय? माझी झाकणं! किनारीला कमळ! साहेबांनी सांगितलं, "मॅडम विचारतात, ही टॉवेलची खोली आहे का?"

आन् माझी पोरगी... नखं कापलेली, येणी घट्ट घातलेली, त्या कुलपाकडं बघत उभी. रडली न्हाय. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या बाईनं काय करावं? सरळ व्हरांड्यात फरशीवर मांडी घालून बसली. पोरांना जवळ बोलावलं. साहेब म्हणाले, "मॅडम म्हणतात, खोली राहू दे. तुम्ही संगणकाच्या तासाला काय करता, ते दाखवा." कमिटीच्या पोरांनी सुरू केलं, "कंट्रोल सी कॉ-पी, कंट्रोल व्ही पे-स्ट..." बाईला वाटलं लोकगीत हाय, तीबी मान डोलवाया लागली. पण गाणं संपलं, म्होरं कुणाला काय येईना. आन् तवा आरोहीनं दप्तरातनं काढलं. टावेल!

सरांनी डोळं वटारलं. तिनं बघितलंच न्हाय. अंथरला फरशीवर, बाजूला नाडीचा माऊस ठिवला, मैत्रिणीला पाटी दिली, आन् बोटं चालू! मैत्रीण कंप्युटर. आरोही दाबतीया, ती लिहितीया. एका येळंला आरोही चुकली, मैत्रीण चुकीचंच लिहून बसली, हलंनाच. पोरं म्हणतात, अगं नीट लिही की! ती म्हणती, "मी कंप्युटर हाय. मला अक्कल न्हाय, जे दाबशील तेच." तवा आरोहीनं आपली चूक शोधली, एकेक बटण मागं जाऊन, परत दाबलं. बरोबर आलं पाटीवर!

बाई टाळ्या वाजवत उठली वो! "ब्रिलियंट! ब्रिलियंट!" माऊस हातात घिऊन फोटो, नाडी गळ्यात घालून फोटो. साहेब म्हणाले, "मॅडम म्हणतात, बऱ्याच देशांत हल्ली सुरुवात अशीच करतात. यंत्राशिवाय, खेळातून. म्हणजे मुलं विचार करायला शिकतात. आणि मग यंत्र हातात देतात."

आता सरांचे कान बगा कसे! "यंत्राशिवाय" आत गेलं, आन् दार बंद! "मग यंत्र हातात देतात" हे भाईरच, व्हरांड्यात, पोरांसंगं! सरांच्या अंगात वारं शिरलं. "येस मॅडम! धिस इज अवर पॉलिसी! आमचा उपक्रम आहे हा! आमच्या शाळेचा! दार आम्ही मुद्दामच बंद ठेवतो!" मुद्दाम! परवा फडकं, आज उपक्रम! परवा चिमटीत धरलेला, आज दोन्ही तळव्यांवर, शालीवानी!

मी घुसले म्होरं. म्हटलं, आज न्हाय तर कवाच न्हाय. "साहेब, मॅडमना माझं एक विचारा. म्हणावं, पोरगी सातवीतनं भाईर चाललीया, आजवर हिनं खऱ्या कंप्युटरला बोट लावलं न्हाय, टावेल मी शिवला तो नाइलाजानं शिवला. तर तुमी जितं जितं फिरून आलाव, त्या देशांत खोलीची किल्ली कुणाकडं असती?" एवढं सगळं बोलले मी. साहेबांनी सरांकडं बघितलं, सरांनी साहेबांकडं बघितलं. आन् एवढ्या सगळ्याचं साहेबांनी इंग्रजी किती केलं? दोन शब्द! बाईनं माझे हात हातात घेतले, डोळ्यांत बघून लई येळ कायतरी बोलली, लई मनापासनं बोलली. मी म्हटलं, काय म्हणाल्या? साहेब म्हणाले, "थँक्यू म्हणतायत."

गेले पाव्हणे. धुरळा खाली बसला, आन् आण्णा आले! कपाळाला गंध, हातात प्रसाद. आरोही धावली. "आण्णा, आता उघडा की! एकदाच! फक्त एक बटण!" आन् खरं सांगते, आण्णांचा हात कमरंला गेला व्हता. गेला व्हता! तेवढ्यात सर म्हणाले, "आता कशाला आण्णा? उलट बंद आहे म्हणूनच आपण तुलनेत पुढं निघालो." आण्णांचा हात थांबला. "व्हय की," म्हणाले, "आन् उगंच लेकरांचे हात लागून खराब हुतंय." पोरीनं हात म्होरं केलेलाच व्हता. त्यावर खडीसाखर ठिवली. स्वच्छ धुतलेला, नखं कापलेला हात. त्यावर खडीसाखर.

बरं, हितं तरी संपावं? तिसऱ्या दिशी सर घरी हजर! "ताई, तो टॉवेल शाळेला द्या. तो आता शाळेचं भूषण आहे." दिला. म्हटलं, पोरं तरी शिकतील. आन् कुटं ठिवलाय म्हाईत हाय? काचंच्या पेटीत, पेटी कंप्युटरच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली करगोट्याला! आरोही खिडकीतनं आपलाच टावेल बघाया गेली, तर चनबसप्पा पळत आला, "ए! हात लावायचा न्हाय, खराब हुतंय!"

आन् जाऊबाईचा फोन. "वैनी, तुमचा तो टावेल आमच्या ग्रुपवर लई फिरतोय वो. अंकिताच्या शाळंतबी तसलंच पाहिजे म्हणतायत. रोबो बंद केला, लई धडकत व्हता. शिवून द्याल का?" सासूबाईंचं तोंड बघायला पायजे व्हतं तुमी! तुलनेत मी म्होरं गेले, इतक्या वर्सात पहिल्यांदा, आन् कशात? तर फडक्यात!

जाऊ दे. पोरीला दुसरा शिवाया घेतला मी. ह्या येळंला कट न्हाय, चांगला पांढरा टावेल, कापूसबी भरपूर. म्हटलं, जूनला हायस्कूल हाय, तवर बोटं बसू देत. काल पुरा झाला. अंथरला. असा देखणा झालाय म्हणता! बघतच ऱ्हायले. तेवढ्यात आरोही आली, भाकरी आन् शेंगाचटणी खाऊन, बोटाला तेल, आन् बसली की सरळ त्याच्याम्होरं. आन् माझ्या तोंडातनं, माझ्याच तोंडातनं, ह्याच तोंडातनं काय निघावं?

"अगं ए! हात लावू नको, खराब हुईल!"

पोरगी थांबली. माझ्या तोंडाकडं बघितलं. मंग हळूच माझ्या कमरंकडं बघितलं. आन् म्हणली, "आई, तू किल्ली कुटं बांधलीस?"

म्हटलं, बस बाई, बस. दाब काय दाबायचं ते. टावेल धुता तरी येतो.